कालवफोड्याचा फोटो

१२ जानेवारी २०२५, रविवार
कालवफोड्या! आपल्या येडगावच्या धरणावर! काळा-पांढरा, आणि चोच गाजरासारखी लांब, केशरी. समुद्रकाठचा पक्षी हा — नारायणगावच्या टोमॅटोची कीर्ती ऐकून आला की काय! चिखलात चोच खुपसत निवांत हिंडत होता. घाईघाईनं कॅमेरा काढला आणि नेमकी काठच्या शेतातल्या गोरखभाऊंनी कांद्याला पाणी द्यायला मोटार चालू केली. उडाला!
"आवो मॅडम, पाखरू हाय, उद्या यील की परत!"
तालुक्यातली पहिली नोंद. माझी! आनंदात चहात साखर दोनदा टाकली.

१३ जानेवारी
पाणपक्षी मित्र मंडळाच्या ग्रुपवर कळवलं. अध्यक्ष भगवंतरावांचं उत्तर लगेच — "यशोधराताई, शेकाट्या असेल. फोटो?"
शेकाट्या! लाल पायांचा, काळ्या चोचीचा, धरणावर पैशाला पासरी. माझी नववीची पोरंसुद्धा ओळखतात. त्या "फोटो?"ला लगेच सतराजणांचे अंगठे. फोटो नाही तर नोंद नाही, हा मंडळाचा नियम. तो झाला तेव्हा टाळ्या मीच जोरात वाजवल्या होत्या.
मंडळाचे अहवाल मी लिहायचे, हार मी आणायचे, चहा मी सांगायचा. नोंद मात्र आजवर एकही माझ्या नावावर नाही. ही मला हवी आहे. हवीच आहे.

१४ जानेवारी
भगवंतरावांना तिळगूळ दिला. गोड बोलणं जमलं नाही.

१६ जानेवारी
शाळेआधी धरणावर — नाही. शाळा सुटल्यावर — नाही.
गोरखभाऊ म्हणाले, "आत्ता व्हता की हितं! तुमी आला आन् त्यो गेला."
कालही हेच. मी त्याच्यावर नाही, तोच माझ्यावर पाळत ठेवून आहे.

१८ जानेवारी
बातमी पुण्याला पोचली, तिथल्या पक्षीवाल्यांचे फोन यायला लागले, तसा भगवंतरावांचा शेकाट्या रातोरात कालवफोड्या झाला! ग्रुपवर — "मंडळाच्या अथक परिश्रमांतून दुर्मीळ पाहुणा." फोटो? अध्यक्षांना कोण विचारणार! उद्या मान्यवरांचा पाहणी दौरा. शाली मीच आणायच्या.

१९ जानेवारी, रविवार
गाड्यांची रांग पार चिखलापर्यंत. पाहणी कसली — एका मान्यवरांनी दुर्बिणीचं झाकणही काढलं नाही. सत्कार, नारळ, मग ग्रुप फोटो. मागं पाणी दिसलं पाहिजे, म्हणून सगळे धरणाकडे पाठ करून उभे. मीही टोकाला जाऊन उभी राहिले. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, तुम्ही जरा बाजूला. साहेब झाकले जातायत."
बाजूला झाले. उरलेल्या शाली धरून. बांधावरून गोरखभाऊ हात नाचवत ओरडत होते. गाड्या कांद्यात घातल्या म्हणून ओरडत असणार, असं समजून कोणी लक्ष दिलं नाही. मीही नाही.
घरी येऊन रडले. पाखरापायी नाही. कशापायी, ते मला माहीत आहे.

२५ जानेवारी
नारायणगावच्या स्टँडवर भलाथोरला फ्लेक्स! "कालवफोड्याचा शोध लावल्याबद्दल मा. भगवंतरावांचे हार्दिक अभिनंदन!" खाली ग्रुप फोटो, त्याखाली शुभेच्छुकांच्या नावांची जत्रा. माझं नाव नाही. वर कोपऱ्यात गोलात पक्ष्याचं चित्र, नेटवरून उचललेलं.
शेकाट्याचं!
हसू आलं, मग संताप. राजीनामा लिहिला. सोमवारी जुन्नरला जाऊन भगवंतरावांच्या हातात देणार.

२७ जानेवारी
एसटीची वाट पाहत फ्लेक्सखाली उभी होते. मनातल्या मनात शिव्या घालायला मान वर केली. सगळे मान्यवर दात काढून कॅमेऱ्याकडे बघतायत. आणि साहेबांच्या पांढऱ्या बुटांच्या फटीतून, मागच्या चिखलात — केशरी चोच! गोरखभाऊ कांद्यासाठी ओरडत नव्हते तर. आणि मी तिथंच होते, भगवंतरावांकडे डोळे वटारून.
राजीनामा फाडला. त्या बुटांचा मोबाइलवर फोटो काढला, चोचीभोवती लाल गोल केला आणि ग्रुपवर भगवंतरावांच्या "फोटो?"खाली टाकला.
अजून एकही अंगठा नाही.