उभ्याने केलेली वाटणी

मी, खाली सही करणारी, अविवाहित, निवृत्त, स्नायूंच्या आनुवंशिक विकारांच्या संशोधनात हयात घालवलेली बाई, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या अकलेने करत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पाय मात्र ठिकाणावर नाहीत. चार ओळी लिहिल्या की खोलीत फेरी मारावी लागते, कारण स्वस्थ बसले की माझे स्नायू आखडतात. उद्या पित्ताशयाचे ऑपरेशन आहे. भूलतज्ज्ञांना सगळे सांगून झाले आहे, "ते औषध मी शिवणारही नाही," असे ते म्हणालेही. तरी जीव थाऱ्यावर नाही, म्हणून हा खटाटोप आजच.

१. आधी आजाराविषयी, कारण वारसा तिथूनच सुरू झाला. माझे वडील शाळेत शिपाई होते. अंगाने पहिलवान, पण बराच वेळ बसून एकदम उठले की जागीच ताठ व्हायचे, दचकले तर ओंडक्यासारखे आडवे पडायचे. मुले त्यांना 'पुतळा' म्हणत. मुख्याध्यापक म्हणत, "कामचुकारपणाची सोंगं." त्यांचे हर्नियाचे ऑपरेशन ठरले तेव्हा हे 'सोंग' घरातल्या कोणालाच डॉक्टरांच्या कानावर घालावेसे वाटले नाही. भुलीबरोबर स्नायू सैल करायला देतात त्याच औषधाने त्यांचा जबडा मिटला तो मिटलाच. श्वासाची नळी आत जाईना. मी तेव्हा कॉलेजात होते. बाहेरच्या बाकावर बसवेना, म्हणून जिना चढत-उतरत होते. बाबा गेल्याचे मला तिथेच कळले.

२. पुढची सगळी वर्षे मी एका दारामागे लागले. स्नायूच्या पेशीच्या आवरणात अतिसूक्ष्म दारे असतात. त्यांतून क्षारांचे विद्युतभारित कण ये-जा करतात. आमच्या घरात त्यांतले क्लोराइडचे दार नीट उघडत नाही, त्यामुळे आवळलेला स्नायू लवकर सैल पडत नाही. माझ्या रक्तातले ते सदोष जनुक घेऊन त्याची प्रत मी बेडकाच्या अंड्यात घातली, काचेची सुई टोचली आणि पडद्यावर जिथे विद्युतप्रवाहाची रेघ उसळायला हवी तिथे ती मरगळून पडलेली पाहिली. आनंदाने ओरडले. मग बाबा आठवले.

३. त्या शोधनिबंधावर आमच्या विभागप्रमुखांनी स्वतःचे नाव आधी घातले आणि मी निवृत्त झाले तेव्हा मला आरामखुर्ची भेट दिली. ती त्यांना परत करावी. कोरी आहे. सूक्ष्मदर्शक व काचेच्या सुया ओढायचे यंत्र माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीला द्यावे. तिने आपल्या निबंधावर आपलेच नाव आधी घालावे, समोरचा कितीही गोड बोलो. मी गेल्यास माझ्या मांडीच्या स्नायूचा तुकडा ताबडतोब तिच्या हवाली करावा. रडारड नंतर.

४. राहते घर. ते धाकट्या भावाला द्यावे, एका अटीवर: त्याने आपल्या मुलीला खरे काय ते स्वतःच्या तोंडाने सांगावे. आजार त्यालाही आहे. बाटलीचे झाकण फिरवले की त्याची मूठ सुटत नाही, मग हसून म्हणतो, "पकड पक्की आहे आपली." तपासणीचा विषय काढला की भरल्या ताटावरून उठतो.

गेल्या महिन्यात त्याची मुलगी बसमधून उतरताना पायरीवरच आखडली आणि रस्त्यावर पडली. हनुवटीला टाके पडले. तिथून ती तडक माझ्याकडे आली.

"आत्या, सगळे मला भित्री म्हणतात. मी भित्री आहे का गं?"

मी तिला सगळे सांगितले. संध्याकाळी भाऊ दारात उभा.

"ताई, माझ्या घरात आजार घुसवलास तू!"

"घुसवला नाही रे. होताच. मी फक्त त्याचं नाव सांगितलं."

"जगू दे ना तिला सुखानं!"

"बाबांसारखं?"

तो तसाच गेला. नंतर माझा फोनही उचलला नाही.

५. आज सह्यांसाठी वकीलबाई आल्या, साक्षीला शेजारचे सुतारकाका आले. दुसऱ्या साक्षीदाराची वाट पाहत असताना भाऊ आला, मुलीला घेऊन. वरचा सगळा मजकूर त्याने खुर्चीत बसून वाचला. मी खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालत राहिले.

"साक्षीची सही मी करतो," तो म्हणाला.

"तुम्हाला घर मिळतंय," वकीलबाई म्हणाल्या. "ज्याला मिळतं त्यानं साक्षीला न राहिलेलं बरं."

"मग माझं नाव काढा. घर पोरीला द्या."

"अरे, नीट विचार कर," मी म्हणाले.

"आयुष्यभर तेवढंच केलं."

"साक्ष फक्त सहीची असते हं, मजकुराची नाही," वकीलबाईंनी समजावले.

"असू दे. मला मजकुराची करायची आहे."

सबब, चौथे कलम अटीसकट रद्द. घर भाचीला, बिनशर्त.

सहीसाठी ओट्याकडे यायला भाऊ उठला आणि गुडघे अर्धे वाकलेले असतानाच अडकला. एरवी अशा वेळी तो बुटाची नाडी बांधायचे नाटक करतो. आज केले नाही. मुलीकडे पाहून म्हणाला, "थांबा जरा. स्नायू सुटू दे."

आम्ही थांबलो.

ठिकाण: माझे राहते घर, स्वयंपाकघरातला उंच ओटा
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, दुपार

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार:
१. शेजारचे सुतार (सही)
२. लिहून ठेवणारीचा सख्खा भाऊ (सही, मजकूर वाचला, खरा आहे)