हॉलबीवर न झालेला गोल

कॅल्डरशॉ,
रविवार, ११ मे

प्रिय नेव्ह,

तुझी तब्येत बरी असेल अशी आशा आहे. आम्ही ठीक आहोत. रॉयचा गुडघा आहे तसाच आहे आणि त्याबद्दलची कुरकुरही. ट्यूलिप येऊन गेले. लेट्यूसचा गोगलगायींनी फडशा पाडला. तुझं घर इथून दोन गल्ल्या सोडून, तरी मी तिकीट लावून पत्र टाकणार आहे. रॉय म्हणाला, "अगं, सख्खा भाऊ आहे तुझा, जाऊन दार वाजव ना." त्याला काय कळतंय! नवरा झाला तरी रग्बीवाला माणूस.

फोनही करून पाहिला. तू उचलायच्या आत ठेवून दिला. सुरुवात कशानं करायची तेच सुचेना. आपल्या घरात सगळ्यांना बोलायला एकच विषय जमायचा, म्हणून मीही तिथूनच सुरू करते.

तर, आपल्या टाउनचा फुटबॉल सीझन. मला तो अजून उलगडलेला नाही. ऑगस्टमध्ये ऊन काय छान पडलं होतं! पहिल्याच सामन्यात आपण तीन गोल मारले, तेव्हा मागच्या रांगेतून सिड ओरडला, "यंदा टाउन वरच्या लीगमध्ये चढतंय, लिहून ठेवा!" सिड दर ऑगस्टला हेच म्हणतो. तरी मी घरी येऊन रॉयला तेच ऐकवलं, आणि वर शपथही घेतली. मग सप्टेंबरपासून जी घसरगुंडी लागली ती लागलीच. ऑक्टोबरात मॅनेजरला नारळ दिला. नवा आला त्याचा कोट तेवढा झकास होता. त्याच्या कृपेनं कपमध्ये आपण अशा संघाकडून हरलो, ज्याचा गोलकीपर आठवडाभर लोकांच्या घरांना रंग देतो. फेब्रुवारीत कोटवाल्यालाही घालवला. पैसे नव्हते म्हणून तिसरा कुणी आणलाच नाही. म्हातारा कोच पोरांना "जा, खेळा" म्हणून मैदानात सोडायला लागला, आणि आपण जिंकायला लागलो!

का? तीच पोरं, तोच चिखल. मी शाळेत जायच्या आधीपासून बाबांच्या मांडीवर बसून हा खेळ बघते आहे. तरी चांगलं खेळून का हरतो आणि घाण खेळून का जिंकतो, ते मला आजतागायत सांगता येणार नाही. बाबांना विचारलं की ते म्हणायचे, "ते कळलं असतं, तर शनिवारी घरी बसून आईला भांडी पुसू लागलो नसतो का?"

बाबांचं नाव इतक्यात काढायचं नव्हतं. निघालं.

परवा सिड बेकरीत भेटला. चेहरा पार उतरलेला. मला वाटलं, आपण लीगमधून बाहेर पडलो म्हणून. तर म्हणतो, "ब्रेंडा, दोन सीझन मी तुमच्या दोघांमधला पोस्टमन होतो. बिनपगारी. पुढच्या वर्षी मी खुर्ची बदलणार आहे."

"बदलणार कुठे?" मी विचारलं. "चाळीस वर्षं तिथंच बसतोस."

"कुठेही. जिथे पुढच्या रांगेत नातेवाईक नसतील तिथे."

खरं आहे रे त्याचं. आपण किती छळलं त्याला! "सिड, त्याला सांग कोपर आवर." "सिड, तिला सांग कोपर माझ्याच खुर्चीत आहे." आणि त्या पेपरमिंटच्या गोळ्या! दुसरा हाफ सुरू झाला की बाबा पुडी फिरवायचे, म्हणून तूही काढायचास. पण मला सरळ द्यायची नाही. पुडी मागे सिडकडे जायची आणि सिडकडून माझ्याकडे यायची. आपल्यात वीतभर अंतर होतं. सिड एकदा म्हणालाही, "अहो, तिचा हात तिथंच आहे की!" पण गोळी मी कधी नाकारली नाही. तू बघितलं असशील.

लोक विचारायचे, एवढं वैर आहे तर दुसरीकडे जाऊन बसत का नाही? आता ह्यांना काय सांगणार? खुर्च्या आपल्या. भांडण झालं म्हणून कुणी स्टँडमधली जागा सोडतं का? मी उठले असते तर बाबांनीच मला झापलं असतं.

भांडण कशावरून ते तुला सांगायची गरज नाही, पण मला एकदा ते कागदावर बघायचं आहे. बाबा गेले. मला त्यांना दफनभूमीत आईशेजारी ठेवायचं होतं. तू म्हणालास, नाही, त्यांची राख गिरणीकडच्या गोलमागे टाकायची, त्यांनीच मला सांगितलं होतं. क्लब परवानगी देत नव्हता, राखेनं गवत जळतं म्हणून. मला हायसं वाटलं होतं. आणि मग एका सकाळी तुझा फोन. "झालं, ब्रेंडा. मैदानावरच्या माणसानं फाटक उघडून दिलं. बाबा आता तिथंच आहेत." मला न सांगता, मला न बोलावता. ते माझेही बाबा होते, नेव्ह. मी म्हटलं, पुन्हा तोंड दाखवू नकोस. आणि पुढच्या शनिवारी तू शेजारी येऊन बसलास.

आता एक गोष्ट, जी मी रॉयलासुद्धा सांगितलेली नाही. मी तुझ्यावर चिडले होते, पण दर सामन्याआधी मी त्या गोलकडे बघून बाबांशी बोलायचे. मनातल्या मनात. आठवड्याची बातमी द्यायचे, रॉयचा गुडघा, गॅसचं बिल, नवा मॅनेजर कसला बावळट आहे ते. कधीकधी तुझ्या चहाड्याही. कॉर्नर किक तिकडे असली की वाटायचं, बाबा आता बॉल ढकलतील आत. मार्चमध्ये आपण जिंकत सुटलो, तेव्हा मी ते बाबांच्याच खात्यावर टाकलं होतं. हस, हवं तर.

आणि मग तो शेवटचा शनिवार.

लीगमध्ये टिकायला आपल्याला बरोबरी पुरली असती, फक्त तिकडे दुसऱ्या सामन्यात हॉलबीच्या संघानं हरायला हवं होतं. आपली बरोबरी चाललेली. हॉलबीचं काय चाललंय कुणालाच ठाऊक नाही, कारण एवढ्या गर्दीत एकाचाही फोन चालेना. आणि शेवटची मिनिटं सुरू असताना समोरच्या स्टँडमधून तो आरडाओरडा उठला. हॉलबीवर गोल झाला! आधी तो कोपरा उठला, मग सगळी बाजू, मग आपण. कुणी सांगितलं, कुणाला सांगितलं, कुणी विचारलं नाही. सिडनं टोपी उडवली ती परत सापडलीच नाही. आणि तू मला उचललंस! पाठीचं ऑपरेशन झालेला माणूस तू, आणि मी काही हलकी नाही. तू रडत होतास, हसत होतास, तुझे गाल पेपरमिंटच्या वासाचे होते, आणि तू माझ्या कानात म्हणालास,

"ब्रेंडा, बाबा तिथं नाहीत गं. माझ्याकडेच आहेत. गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर. मला त्यांच्या राखेच्या डब्याचं झाकण उघडताच आलं नाही."

मी "काय?" म्हटलं. तू पुन्हा मिठी मारलीस. शिट्टी झाली, लोक मैदानात धावले. आणि मग भोंग्यावरून घोषणा करणाऱ्या माणसानं खाकरून सांगितलं की हॉलबीचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आहे. गोल झालाच नव्हता. धावत गेलेली मोठमोठी माणसं जिथल्या तिथे गवतावर बसली. मी तुझ्याकडे वळले तर तू मफलर उचलून जिना उतरत होतास.

मला त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या, आणि त्यातली एक खोटी निघाली. दुसरीचं मी काय समजू? तू शुद्धीवर होतास का? खरं बोललास, की आनंदाच्या भरात जिभेवर आलं ते बोललास? खरं असेल तर दोन सीझन मी कुणाशी बोलत होते? मला राग यायला हवा. मी तो शोधते आहे, सापडत नाही. मध्येच हसू येतं, बाबा आणि तुझे ते वाळलेले पांढरे रंग शेजारीशेजारी. मग रडू येतं. रॉयला वाटतं मी टाउनसाठी रडते आहे. मीही त्याला तसंच समजू दिलं आहे.

मंगळवारी मैदानावर गेले. फाटक बंद होतं. गजांमधून गिरणीकडचा गोल दिसत होता, जाळी काढून टाकलेली. "बाबा," म्हटलं, आणि पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. पण मी परत फिरले नाही, तिथंच उभी राहिले बराच वेळ. तेव्हा मला जाणवलं की माझं अडलं होतं ते बाबांसाठी नव्हतं. झाकण न उघडता तू गॅरेजमध्ये उभा होतास, आणि त्या वेळी तुझ्याजवळ कुणी नव्हतं. मला बोलावलं असतंस तर मलाही उघडता आलं नसतं, नेव्ह. आपण दोघं डबा घेऊन घरी परतलो असतो आणि चहा केला असता. आणि नंतर दोन वर्षं तू शेजारी बसलेला असताना मला तुझी आठवण यायची. असं कुणाचं होतं का? मला नाही माहीत.

आईशेजारी, की गोलमागे, की फळीवरच, मला आता खरंच कळत नाही. तुलाही कळत नसेल. तर मग ते न कळणं दोघांनी मिळून करू. पुढच्या रविवारी मी बीफ भाजणार आहे, दुपारी एकला वाढते. बाबांना घेऊन ये. भांडायचं असेल तर त्यांच्यासमोर भांडू, त्यांना सवय आहे.

आणि ते खरं नसेल, त्या गोलसारखंच असेल, तर रिकाम्या हातांनी ये. मी काही विचारणार नाही.

पण ये.

तुझी,
ब्रेंडा