गोळीची चौकशी

प्रिय भावजी,

वहिनीचा नमस्कार. वयाने तुम्ही लहान असलात तरी नात्याने मान तुमचा, म्हणून नमस्कार आधी माझाच. तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण 'उत्तम' असं उत्तर तुम्ही ताप असतानाही देता. ते मी तुमच्या सूनबाईला विचारते. आम्ही मायलेकी ठीक आहोत. फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. तर फोन सध्या धंद्यात आहे. माझा फोन, माझा आवाज आणि जेवणाचं टेबल ही तिन्ही तुमच्या पुतणीने धंद्यात घातली आहेत आणि आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवतो.

तिने नोकरी सोडून मोबाइलचं अॅप काढायचं ठरवलं तेव्हा तुम्ही मोठ्या मायेने जो अहवाल पाठवलात, तो मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. (असं करणारी मी एकटीच, हे तुमच्यापासून लपवत नाही.) पुढच्या पाच वर्षांचे अंदाज, चार रंगांतले आलेख आणि ऑफिसच्या शिपायाच्या गणवेशाची तरतूद. ऑफिस अजून नाही, पण शिपायाला थंडी वाजणार नाही एवढी काळजी तुम्ही घेतलीत. सध्या अहवाल लॅपटॉपखाली आहे. त्यामुळे पोरीची मान वर राहते. राग मानू नका, घरात इतका भक्कम टेकू दुसरा नव्हता.

तिची पद्धत निराळी. तिला लीन म्हणतात, म्हणजे सडपातळ. सगळी योजना एका कागदात मावली पाहिजे. तो कागद फ्रिजवर चिकटवलाय आणि दूध काढताना रोज वाचावा लागतो. अडचण कुणाची, आपण काय देणार, ते लोकांना हवंय असं आपल्याला का वाटतं. शेवटचा रकाना आहे, 'आपण चुकलो हे कसं कळेल?' भावजी, या घरात मी लग्न करून आल्यापासून असा रकाना पहिल्यांदाच पाहिला. तुम्हा दोघा भावांच्या कागदांत त्याला कधी जागा नव्हती.

या पद्धतीचं जाडसं पुस्तक तिने टेबलावर ठेवलं होतं, ते मी वाचायला घेतलं. माझी शाळा सातवीत सुटली हे तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं वाचन तुमच्या भावाने करून घेतलं. अडलेल्या शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ मारायची आणि संध्याकाळी त्यांनी चष्मा पुसत अर्थ सांगायचा. ते गेल्यापासून रेघा मारते आणि शब्दकोश काढते. सवयीने हिच्या पुस्तकातही रेघा मारल्या. नवं कोरं पुस्तक, आता बोलणी बसणार असं वाटलं. दुसऱ्या दिवशी बघते तर प्रत्येक रेघेशेजारी बारीक अक्षरात अर्थ लिहिलेला.

आता धंदा काय ते सांगते. वयस्कर माणसं सकाळची गोळी विसरतात, अॅप त्यांना आठवण करणार. पण सडपातळ पद्धतीत आधी यंत्र बनवायचं नसतं. यंत्र जे करणार ते आधी माणसाने हाताने करून बघायचं, लोकांना खरंच हवंय का ते कळतं. म्हणून माणूस शोधला गेला. माणूस म्हणजे मी. थोडक्यात, काही आठवडे मी अॅप होते. सकाळी एकेकाला फोन लावायचा, 'गोळी घेतली का?' विचारायचं, हो की नाही ते टिपायचं आणि ठेवून द्यायचा. एवढंच. पण समोर शाळेतून निवृत्त झालेले मास्तर असले आणि गुडघ्याचं सांगायला लागले, तर फोन कसा ठेवणार? पोरगी टेबलापलीकडून खुणा करायची.

"आई, अॅप गप्पा मारत नाही."

"मग लोक त्याच्याशी बोलतात कसे?"

"बोलत नाहीत. बटण दाबतात."

तरी निकाल चांगला लागला. मास्तर, कोपऱ्यावरचे शिंपी, तिकीटखिडकीवरच्या बाई, सगळे रोज 'हो' म्हणू लागले. हे चाललं पाहिजे होतं, कारण त्या कागदाच्या तळाशी लिहिलं होतं की महिनाअखेर लोक टिकले नाहीत तर बंद करायचं. बंद झालं तर ती दूरच्या शहरात नोकरीला जाणार, तिकडून बोलावणं आलेलंच होतं. मी अडवणार नाही असं तिला सांगितलंय आणि सांगताना माझा आवाज चांगला राहिला. पण दोन कपांचा चहा टाकायला मी आत्ता कुठे पुन्हा शिकले होते, भावजी.

निकाल बघून तिने खरं अॅप बनवलं. त्याला आवाज माझाच हवा होता. आवाज घुमू नये म्हणून मला कपड्यांच्या कपाटात तोंड घालून बोलायला लावलं. (या वयात कपाटाशी बोलताना शेजारणीने पाहिलं. तिने अजून काही विचारलेलं नाही, पण हल्ली फार प्रेमाने वागते.) कपाटात तुमच्या भावाचे स्वेटर अजून तसेच आहेत. त्यांच्याकडे तोंड करून मी 'गोळी घेतली का?' म्हटलं. पहिल्याच खेपेला जमलं. "आई, अगदी खरं वाटतंय," पोरगी म्हणाली. वाटणारच. रोजचंच वाक्य होतं ते.

मग यंत्र फोन करू लागलं आणि फजिती सुरू झाली. यंत्र विचारायचं, उत्तरासाठी थोडं थांबायचं आणि काहीही ऐकलं तरी 'छान, दिवस चांगला जावो' म्हणून ठेवून द्यायचं. मास्तरांनी गुडघ्याचं ऑपरेशन ठरल्याचं सांगितलं. छान. शिंप्यांनी सांगितलं की बायको दवाखान्यात आहे आणि दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. छान, दिवस चांगला जावो. ते पाय आपटत घरी आले. मी दार उघडलं तर माझ्याकडे बघेनात. "ताई, इतक्या दिवसांची ओळख, आणि छान म्हणता?" आवाज माझा होता, पण बोलले मी नव्हते, हे त्यांना पटवता पटवता चहा गार झाला. मास्तरांनी तर तुमच्या पुतणीला विचारलं, "तुमच्या आईला ऐकू येईनासं झालंय का?"

आठवडाभरात लोक गळाले. पोरगी स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढून बसली, लहानपणी परीक्षेत नापास झाल्यावर बसायची तशीच, आणि फ्रिजवरचा कागद काढून मांडीवर घेतला. मला वाटलं, आता बॅग भरणार. पण हिने शेवटचा रकाना वाचला आणि सोडून गेलेल्या एकेकाला फोन लावला, का सोडलंत म्हणून. मी शेजारी उभी होते. मास्तर म्हणाले, "पोरी, गोळीची मला आठवण असते. मी ती घेत नाही."

"का पण?"

"घेतली काय आणि नाही घेतली काय, सांगायचं कुणाला?"

तिने फोन ठेवला. कागदावरच्या 'लोक विसरतात' या ओळीवर काट मारली. "आई, आपण चुकलो," म्हणाली आणि चेहरा असा की जणू लग्न ठरलंय. तुम्ही दोघे चुकल्यावर घरात जे वातावरण असायचं त्याच्या तुलनेत हे फारच सुखाचं वाटलं.

आता अॅप फक्त जोड्या लावतं. सकाळी एकाने दुसऱ्याला विचारायचं, दुसऱ्याने पहिल्याला. यंत्राचा आवाज बंद. मास्तर आणि शिंपी ही जोडी लागली आणि पहिल्याच दिवशी आधी कोण विचारणार यावरून भांडली. तिकीटखिडकीवरच्या बाईंनी त्यांच्या नणंदेला घेतलंय. दोघींचा अबोला जुना आहे. तो मोडलेला नाही, पण रोज सकाळी तेवढं एक वाक्य बोलतात. गळालेले बरेच जण परत आले. दूरच्या शहरातल्या लोकांना पोरीने 'थांबा' असं कळवलंय. 'नाही' म्हणाली असती तर मी जास्त बरी झोपले असते, पण सडपातळ माणसं एवढ्या लवकर 'नाही' म्हणत नाहीत म्हणे.

घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. प्रकृतीला जपा, हे उगाच लिहायचं म्हणून लिहीत नाही.

तुमची,
वहिनी

ता. क. तुमच्या अहवालात 'धोके' या प्रकरणात 'संस्थापिकेच्या आईचा हस्तक्षेप' अशी एक ओळ आहे. ती मी वाचली आहे. तिच्याखाली रेघही मारली आहे, शब्द सगळे कळत असताना.

ता. क. दुसरा. सूनबाई सांगते की रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट तुमच्या टेबलावर भरलेलं असतं आणि विचारलं की तुम्ही वर्तमानपत्र उलटता.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठी. यंत्र चालू होतं तेव्हा त्याने मलाही फोन केला. माझ्याच आवाजाने मला विचारलं, गोळी घेतली का? मी 'हो' म्हटलं. गोळी पाकिटातच होती. तुमचे भाऊ असताना हे जमत नसे, ते पाण्याचा पेला हातात घेऊनच विचारायचे. अॅपमध्ये सगळ्यांच्या जोड्या लागल्यात, माझं नाव एकटंच दिसतं. तेव्हा सकाळी तुम्ही मला विचारा, मी तुम्हाला विचारेन. मी 'हो' म्हटलं तर लगेच विश्वास ठेवू नका.

उत्तरादाखल अहवाल पाठवू नका, फोन करा. तो धंद्यात आहे असं वर लिहिलंय खरं, पण यंत्र बंद झाल्यापासून मोकळाच असतो.