टेबलाची उंची

३ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक टपली.

चौथ्या पायरीवर बसून लिहिते आहे. वर दुकानात जायला अजून सात उरल्यात. कापडाचा गठ्ठा मांडीवर, त्यावर कागद. लेक वरून दोनदा वाकून बघून गेली. तिला सांगितलं, पत्र लिहिते आहे. खोटं नको म्हणून खरंच लिहायला घेतलं.

सर्जन म्हणाले, दोन्ही गुडघे बदलावे लागतील. त्यांच्याकडे नवं यंत्र आलं आहे. हाड कापताना ते करवतीला आखलेल्या रेषेबाहेर जाऊ देत नाही. त्याचे पैसे वेगळे. पण यंत्र असो की नुसता हात, नंतर गुडघे टेकून बसायचं नाही. चाळीस वर्षं मी कोट जमिनीवरच कापले, कापड गुडघ्याखाली दाबून. आता काय गिऱ्हाइकांना पाणी देत बसू? तू लेथवर जन्म काढलास. तूच सांग.

लोभ आहेच, तेवढा झिजू देऊ नकोस.
तुझी ताई

९ जानेवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. त्यात गुडघेही येतात, ते तुझ्या वतीने मीच टेकवले.

बेअरिंग कितीही अचूक बसवलं तरी झिजतं. तू अठ्ठावन्नची. पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा उघडायची वेळ आली तर जुनं काढून नवं बसवणं फार जड जातं. मला वाटतं, दोन-तीन वर्षं थांब. आणि सर्जनना विचार, यंत्राने बसवलेला गुडघा जास्त टिकतो हे कुणी मोजलंय का. चकचकीत दिसतं म्हणून भुलू नकोस. कारखान्यात संगणकावर चालणारं पहिलं लेथ आलं तेव्हा मी भुललो होतो. आठवडाभर त्याच्याशेजारी बसून डबा खाल्ला.

तुझी भावजय म्हणते, दुकान बंद करून आमच्याकडे ये. मी म्हटलं, ताईला रिकामं बसवलं तर ती आपले पडदे उसवून पुन्हा शिवेल.

जिना हळू चढ, उत्तर लवकर दे.
तुझा धाकटा

२१ जानेवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. टपली राखून ठेवली आहे.

तुझा प्रश्न विचारला. सर्जन सरळ म्हणाले, माप नेमकं येतं एवढं खरं. जास्त वर्षं टिकेल का, ते अजून सांगता येत नाही. नुसत्या हातानेही आपण चांगलंच करतो, असंही म्हणाले. मग पडद्यावर माझंच हाड दाखवलं. बाहेर फाकलेले पाय सरळ कसे होतील, सांधा कुठे घट्ट बसेल, कुठे सैल, सगळं आधीच. आम्ही कापून मग ट्रायल घेतो. हा माणूस कापायच्या आधी घेतो. मला पटलं. नव्या शिलाई मशीनसाठी ठेवलेले पैसे त्यात घालते आहे.

थांब म्हणतोस. मी थांबले तर दुकान थांबेल. ऐंशीव्या वर्षी मी कोट कापणार नाही, आत्ता कापायचे आहेत. कसे, ते मात्र सुचत नाही. चार फेब्रुवारीला डावा, चार दिवसांनी उजवा.

तुझी ताई

२५ जानेवारी

ती. ताईस,
भुशाने माखलेल्या हातांनी नमस्कार.

तू उभी राहून कापशील. टेबल मी करतो आहे. तुझ्या लेकीला कळवलं होतं. तिने परवा तुला दाराच्या चौकटीशी उभं करून कोपराशी खूण केली ती त्यासाठी. तू तिला वेडी म्हणालीस म्हणे. माप अर्धा मिलिमीटरही चुकणार नाही. लाकूड जुन्या दारांचं आहे, ते आता वाकायचं नाही. कापड दाबायला लोखंडी वजनं दोन, लेथवर काढलेली. तेच तुझे गुडघे समज.

घाबरू नकोस असं लिहिणार होतो. पण घाबरलोय मी, तेव्हा तूच मला तसं लिही.

तुझा धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद आणि राखून ठेवलेली टपली.

पहिले पंधरा दिवस जीव नकोसा झाला. व्यायाम घेणाऱ्या बाईंना मी नको नको ते बोलले. त्या हसून पुन्हा पाय वाकवायच्या. उजव्या गुडघ्याशेजारी बटणाएवढी जागा बधिर आहे, ती कदाचित तशीच राहील. पण काल अकरा पायऱ्या एका दमात चढले. वर पोचल्यावर काही विसरल्यासारखं वाटत होतं.

आता टेबल. ते बुटकं आहे. कापायला घेतलं तर कंबर वाकते. लेकीला वाटलं तिचंच माप चुकलं, रडवेली झाली. तिला पुन्हा चौकटीशी माप घ्यायला लावलं. जुनी खूण तिथेच होती. माझं कोपर त्या खुणेच्या दीड बोट वर. पाय सरळ झाले, धाकट्या, मी उंच झाले. पडद्यावर सगळं बघूनही मला हे सुचलं नाही, आणि तू अर्धा मिलिमीटर मिरवत होतास.

उंची मी परत देणार नाही. टेबलाचं तू बघ.

तुझी ताई

१० एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझे चार ठोकळे काल संध्याकाळी पोचले. सोबत पत्र नाही, पण प्रत्येकावर पेन्सिलीने 'चूक माझी' लिहिलंयस. शेजारच्या किल्लीवाल्याने टेबल उचललं, लेकीने ठोकळे सरकवले, मी नुसत्या सूचना दिल्या. अक्षरं वरून दिसत नाहीत.

आज सकाळी दुकान उघडलं, राखाडी कापड पसरलं, वजनं ठेवली आणि एक कोट कापला.

तुझी ताई