मीठ चाखायला कोणी नव्हतं

करामा, दुबई
शनिवार, १५ मार्च २०२५

प्रिय ऑस्कर,

देव तुझं भलं करो. आम्ही इकडे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. मजेत कोणी नाही.

व्हॉट्सअॅपवर तू वाचून गप्प बसतोस, म्हणून हे कागदावर. निदान फाडायला तरी हात हलवावा लागेल.

कॉन्फरन्ससाठी टोरांटोहून दुबईत येतोय, शुक्रवारी दुपारी जेवायला येतो, हे तूच कळवलंस ना? त्या दिवसापासून मम्मीचे गुडघे दुखायचे थांबले. वसईहून माझ्याकडे येताना आणलेल्या, आपल्या घरच्या ‘बाटली मसाल्या’च्या बाटलीला तिने मला हात लावू दिला नव्हता. ती तुझ्यासाठी उघडली. ओव्हनमधला बीफ खिमा करायचा, तुझा लाडका.

मी म्हटलं, “मम्मी, उपवासकाळातला शुक्रवार आहे!”

“आपण नाही खायचं. प्रवासातल्या माणसाला माफ असतं,” म्हणाली. फादरना विचारलंसुद्धा नाही. अशा शुक्रवारी मटणाच्या भांड्यालाही न शिवणारी बाई, ऑस्कर!

खिमा मसाल्यात परतला, दुधात भिजवलेला पाव कुस्करून घातला. आता मीठ कोण चाखणार? शेजारच्या फिझाला हाक मारली, तर ती दारातच हसली. “आंटी, मेरा तो रोजा है!” मग मम्मीने वासावर अंदाज बांधला, वर फेटलेली अंडी ओतली आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला.

दुपार टळली. तुझा मेसेज आला, ‘स्टक इन मीटिंग’. आणि पाठोपाठ तुझ्या ऑफिसवाल्यांनी टाकलेला फोटो. मॉलमध्ये, हातात बर्गर, बत्तीशी दाखवत तू. लाज नाही वाटली? मी फोन लपवायच्या आत मम्मीने पाहिलं. “जेवला ना पोर? मग झालं,” म्हणाली.

घरात कोणी खाऊ शकत नव्हतं, म्हणून ट्रे फिझाकडे इफ्तारला गेला. तिने एक तुकडा राखून परत पाठवला. “नमक एकदम बराबर था, आंटी!”

तू का आला नाहीस ते मला कळतं. पप्पांच्या मातीला आला नाहीस, आता मम्मीच्या डोळ्यांत बघवत नाही तुला. गाढवा, ती तुझ्यावर कधी रागावलीच नाही! पप्पांना खांदा द्यायला चुलत भावांना बोलवावं लागलं, तेव्हा रडले ती मी. रागावलेय तीही मीच. तिने त्या दिवशीसुद्धा विचारलं होतं, ऑस्करला सुट्टी नसेल मिळाली का गं?

आज सकाळी तिने तो राखलेला तुकडा गरम केला. एक घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला.

“मीठ कमीच पडलंय गं. बरं झालं, ऑस्कर आला नाही.”

ऐकलंस? तुझी सबबसुद्धा तिनेच शोधून दिली.

पुढच्या आठवड्यात ती वसईला परततेय. गुडघे बघता पुन्हा विमानात बसेल असं वाटत नाही. उरलेला मसाला तुझ्यासाठी माझ्याकडे ठेवून जाणार होती. मी तो तिच्याच बॅगेत भरलाय. हवा असेल तर वसईला जा, तिच्या स्वयंपाकघरात उभा राहा आणि मीठ चाखून दे.

मला फोन करू नकोस. तिला कर.

तुझ्या वाट्याचं रागावून दमलेली,
सोफिया