कोरडा रहाट

बाबा, आज पुन्हा त्या सायकलवर बसून आलो. बोईसरच्या दवाखान्यातली ही सायकल कुठेच जात नाही. पेडल मारायचे, घाम गाळायचा आणि होतो तिथेच उतरायचं. मग कठड्याला बोट टेकवून एका पायावर उभं राहायचं. दोनदा पडल्यापासून हे रोजचंच. फिजिओवाली मुलगी म्हणते, "आजोबा, भाषण नंतर. आधी वीस मोजा." मी मोजतो. बोलून बोलून दमलोय आता.

पेडल मारताना पालघरजवळच्या माहीमच्या आपल्या पानवाडीतला पायरहाट आठवतो. साठ-बासष्टचा सुमार असेल, तुम्ही सत्तरी ओलांडलेली. सकाळी फळीवर बसून पायांनी चाक रेटायचात, मडक्यांची माळ पाणी घेऊन वर यायची. मग पाटाच्या अरुंद बांधावरून हात मोकळे सोडून पानवेलींकडे चालत जायचात. मला त्यात फक्त जुलूम दिसे. नवी पुस्तकं वाचून पेटलो होतो. पालघरच्या सभेत गरजलो, "माझा म्हातारा बाप आजही बैलाच्या जागी जुंपलेला आहे!" टाळ्या पडल्या. तुम्ही गर्दीत होतात. घरी एवढंच म्हणालात, "बैल कोनाला बोलतोस रे? मना कोनी जुंपला नाय."

मी पाणी खेचायचं इंजिन आणलंच. दोन महिन्यांत तुम्ही भिंत धरल्याशिवाय उठेनासे झालात, बोलणंही आटलं. मग एका सकाळी पाहतो तर तुम्ही रहाटावर. माळ मी कधीच काढून ठेवली होती. चाक कोरडं फिरतंय आणि तुम्ही कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी मोठमोठ्यानं गप्पा मारताय, कितीतरी दिवसांनी. "बाबा, उतरा, लोक हसतील!" मी ओरडलो.

"हसू दे. पानी तुज्या इंजिनचा, चाक माजा."

त्याच आठवड्यात मी रहाट फोडून सरपण केलं. त्यानंतर तुम्ही बांधावर पाऊल टाकलं नाहीत. पुढच्या वर्षी गेलात.

हे पत्र वहीतच राहणार. पण एक लिहून ठेवतो. पुढे कितीतरी व्यासपीठांवरून मी सांगितलं, माझ्या बापानंच मला म्हटलं, 'मोड तो रहाट!' त्या वाक्याला हमखास टाळ्या पडत. तुम्ही असं काही म्हणाला नव्हतात. मी कुऱ्हाड उचलली तेव्हा तुम्ही ओट्यावरून उठायची धडपड करत होतात. मी ते पाहिलं होतं, बाबा. पाहूनच पाठ फिरवली.