ठसका थांबला

४ जून
अर्धांगाचा झटका आल्यापासून ह्यांना पाण्याच्या घोटानेही ठसका लागतो. आज गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या. मी म्हटलं, पडजीभ सुजली असेल. त्या म्हणाल्या, 'अहो, ती वर लोंबते. श्वासनळीचं झाकण खाली, जिभेच्या मुळाशी असतं. छोट्या पानासारखं.' गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, झाकण श्वासाच्या वाटेवर लवतं आणि घास मागून अन्ननळीत उतरतो. ह्यांचं ते उचलणंच मंदावलंय. झाकण लवायच्या आत पाणी पोचतं! म्हणून पावडर घालून सगळं घट्ट द्यायचं. हनुवटी खाली, मग गिळायचं.

शिंपीकामाच्या दुकानात हा माणूस आयुष्यभर ओठांत टाचण्या धरून गिऱ्हाइकांशी बोलला. एकही कधी गिळली नाही. आणि आता पाण्याला भ्यायचं!

५ जून
घट्ट चहा दिला. 'खळ आहे ही. कॉलरला लाव,' म्हणाले. हसले तरी!

९ जून
पातळ चहा हवा म्हणून दिवसभर अबोला. वन्सं म्हणाल्या, 'दे गं घोटभर. भावाचे हाल बघवत नाहीत मला.' म्हणजे खाष्ट मीच. असू दे.

१६ जून
ठसका थांबला! काल नाही, आज नाही. मला इतका आनंद झाला — पावडर आधी निम्मी केली, मग बंदच. अख्खा कप प्यायले, डोळे मिटून. दुकान उघडायच्या गोष्टी करत होते.

२० जून
ताप. धाप. हॉस्पिटल.

२१ जून
गिळताना काय होतं ते एक्स-रेच्या पडद्यावर दाखवलं. ह्यांना पांढरं औषध गिळायला दिलं. थोडं अन्ननळीत गेलं, बाकीचं श्वासनळीत — आणि हे शांत! साधं खोकलेसुद्धा नाहीत. बाई हळूच म्हणाल्या, 'ठसका राखणदार असतो. घशातली जाणीव गेली की तो उठतच नाही.'

राखणदार गेला आणि मी आनंद करत बसले. माझ्या हाताने पाजलं मी ते फुप्फुसात. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. वन्संसुद्धा नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नाकातून नळी घातली आहे. तोंडाने काही म्हणजे काही नाही.

२५ जून
बोटांनी कपाची खूण करतात. मी खिडकीकडे बघते. फार रडू येतं.

२९ जून
मोठे डॉक्टर आज खाटेवर बसून बोलले. कधी बसत नाहीत. 'नळीने आता काही साधणार नाही, काढतो. आता त्यांना हवं ते द्या. पातळसुद्धा.'

'बघ, सूट मिळाली!' म्हणत वन्सं चहा आणायला धावल्या. मी त्यांना जाऊ दिलं.